दमसास कसा वाढवावा : नव्याने पळू लागलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानातून पळण्याचे बूट नेल्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा भेटणारे ग्राहक बहुधा एकच तक्रार सांगतात : बूट चांगले आहेत, पाय दुखत नाहीत, पण पाच मिनिटांत धाप लागते आणि थांबावे लागते. वय झाले, वजन वाढले, आता हे आपल्याला जमणार नाही, असा निष्कर्ष काढून काहीजण पळणे सोडूनही देतात, याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते. बहुतेकांच्या बाबतीत अडचण वयाची किंवा वजनाची नसते. ते आपल्या सध्याच्या ताकदीच्या मानाने फार जोरात पळत असतात, इतकेच. हे माहितीपत्रक त्यांच्यासाठी आहे.

पळायला सुरुवात करताच स्नायूंची प्राणवायूची गरज एकदम वाढते. परंतु हृदय आणि फुप्फुसे ती गरज पुरवण्याच्या पातळीवर यायला काही मिनिटे लागतात. त्या काळात पाय ताजे असल्यामुळे वेग सोपा वाटतो आणि तिथेच फसगत होते. प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडू लागला की शरीर साठवलेली साखर झपाट्याने खर्च करून काम चालवते, श्वास वाढतो, पाय जड होतात. याउलट वेग बेताचा ठेवला तर इंधनाचा मोठा वाटा चरबीतून मिळतो, आणि चरबीचा साठा बारीक माणसाच्या अंगातही भरपूर असतो. अशा संथ पळण्याच्या सरावाने हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींमधील तंतुकणिकांची (ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांची) संख्या वाढते. ज्याला आपण दमसास म्हणतो तो मुख्यतः या बदलांतून येतो, आणि त्यासाठी धापा टाकण्याची गरज नसते.

योग्य वेग ओळखण्यासाठी घड्याळापेक्षा बोलणे अधिक उपयोगी पडते. पळता पळता सोबत्याशी मराठीत किंवा कन्नडमध्ये एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले तर वेग बरोबर आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जास्त आहे. एकट्याने पळत असाल तर एखादे वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. नव्या माणसाचा हा वेग अनेकदा किलोमीटरला 8 मिनिटे किंवा त्याहूनही संथ असतो, म्हणजे 400 मीटरच्या एका फेरीला सुमारे 3 मिनिटे 12 सेकंद. सकाळी फिरायला निघालेले एखादे आजोबा भराभर चालत आपल्या बरोबरीने येतात तेव्हा संकोच वाटतो, हे आम्ही समजू शकतो. तरीही वेग वाढवू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

पहिल्या महिन्यात सलग पळण्याचा अट्टाहास धरू नये. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये पळलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी ठरावीक अंतराने पळणे आणि चालणे ही पद्धत नवशिक्यांमध्ये रूढ केली, आणि आम्हीही तीच सुचवतो. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती ठेवून, आधी पाच-सात मिनिटे भरभर चालावे. मग 1 मिनिट पळावे आणि 2 मिनिटे चालावे, असे आठ वेळा करावे. दम लागण्याची वाट न पाहता, मिनिट संपताच चालायला लागावे, कारण धाप लागल्यानंतर घेतलेली विश्रांती पुरेशी ठरत नाही. हे सोपे वाटू लागले की पळण्याची मिनिटे 2, मग 3 अशी वाढवावीत आणि चालण्याचा वेळ हळूहळू कमी करावा. कोणत्याही आठवड्यात वेळ आणि वेग दोन्ही एकदम वाढवू नयेत; सुरुवातीचे दोन-तीन महिने तर वेगाला हातच लावू नये. तीन आठवडे वाढ केल्यावर चौथा आठवडा हलका ठेवावा. एखाद्या आठवड्यात लग्नकार्य किंवा आजारपण आले तर चुकलेले दिवस भरून काढण्याच्या मागे न लागता, एक पायरी मागे येऊन पुन्हा सुरुवात करावी.

या सावकाशीला आणखी एक कारण आहे. दमसास काही आठवड्यांत सुधारतो, परंतु हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात छाती साथ देते आणि नडगी किंवा टाच तक्रार करू लागते. नेमक्या याच टप्प्यावर उत्साहाने अंतर दुप्पट करणारे ग्राहक आम्ही पाहतो. पोटऱ्या भरून येणे स्वाभाविक आहे. पण नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर पळणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण आमच्याकडे मोठ्या संख्येने येतात, कारण मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या आपल्या बेळगावात ते स्वप्न घरोघरी असते. त्यांची परीक्षा 1600 मीटरची असल्याने रोज तेवढेच अंतर जीव तोडून पळण्याकडे त्यांचा कल असतो. त्यांना आम्ही न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचे उदाहरण देतो. त्यांचा शिष्य पीटर स्नेल 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये अवघ्या 800 मीटरच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकला. पण त्याच्या तयारीत सुमारे 35 किलोमीटरच्या लांब पल्ल्याच्या धावांचा समावेश होता. तेव्हा आठवड्यातील बहुतेक दिवस सावकाश आणि लांब, एखादाच दिवस जोराचा, अशी विभागणी करावी. प्रत्यक्ष 1600 मीटरमध्ये 6 मिनिटांचे उद्दिष्ट असेल तर चारही फेऱ्या 90 सेकंदांच्या जवळपास याव्यात. घोळक्याच्या ओढीने पहिली फेरी 75 सेकंदांत काढणारा मुलगा तिसऱ्या फेरीत हमखास मागे पडतो. केल्विन किपटम याने 2023 मध्ये शिकागोत 2 तास 35 सेकंदांचा मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याची पहिली अर्धी शर्यत 60 मिनिटे 48 सेकंदांची आणि दुसरी 59 मिनिटे 47 सेकंदांची होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या भागात जागा निवडताना सुरुवातीला टिळकवाडीतील व्हॅक्सीन डेपोसारखे सपाट, झाडीचे मैदान उत्तम. येळ्ळूरच्या राजहंसगडाची चढण आकर्षक असली तरी पहिले काही महिने ती चालतच चढावी. पुढेही चढावर वेग न पाहता श्वास सारखा ठेवावा. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडे, लाल मातीच्या वाटा निसरड्या होतात, म्हणून पावले लहान टाकावीत. उसाच्या हंगामात निपाणी, चिकोडी भागातील ग्राहकांनी पहाटेच्या अंधारात मोठ्या रस्त्यावर पळू नये, कारण मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि त्यांना चुकवणारी वाहने या दोहोंचा धोका असतो. दुसरी वाट नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने आणि फिकट, चमकणाऱ्या पट्ट्यांचे कपडे घालून पळावे. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्यापूर्वी सराव संपवावा आणि नेहमीपेक्षा वेग कमी ठेवावा.

अर्ध्या तासाच्या पळण्यासाठी विशेष आहाराची आवश्यकता नसते. जड जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्यावेत, पहाटे निघताना हवे तर एखादे केळे खावे. चाळिशीनंतर प्रथमच पळणाऱ्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पळताना छातीत दुखणे, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

बुटांबाबत थोडेसे. महाग बुटांनी दमसास वाढत नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी नवा जोड घेऊ नये. बूट शक्यतो संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, पळण्याचे मोजे घालून पाहावेत आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहते का ते तपासावे. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर तळव्याची गादी बसते. वरून बूट नवे दिसत असले तरीही. जुना जोड दुकानात आणल्यास त्याची झीज पाहून तो बदलण्याची वेळ झाली आहे की नाही, हे आम्ही विनामूल्य सांगतो.