सवय अंगाला नव्हे, जंतूला

शाळेत पोरांना फोड उठू लागले की यवतमाळकडच्या गावांत हमखास ऐकू येतं, "आमच्या पोरानं त अँटिबायोटिक कधी खाल्लंच नाही, त्याले काय होते?" औषधाची सवय अंगाला लागते, हा जुनाच गैरसमज. औषधाला दाद देईनासे होतात ते जंतू, अंग नव्हे. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक १९५९ साली आलं आणि १९६१ मध्येच त्याला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस, म्हणजे फोड उठवणारे जंतू, सापडले. असा जंतू कबड्डीतल्या खरचटण्यातून, वसतिगृहातल्या सामाईक दुपट्ट्यातून गोळी न खाल्लेल्या पोरालाही गाठतो. म्हणून शाळाच बंद करा म्हणणं मात्र अतीच झालं! वाहता फोड पट्टीनं झाकावा, पिळू नये. हात साबणानं धुवावे, दुपट्टा वेगळा ठेवावा. लाली पसरली किंवा ताप आला, तर मेडिकलवरून दोन गोळ्या मागून आणण्यापेक्षा थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं.