एका छोट्या संगणकावर हजार जणांची पानं कशी मावतात?

हजार माणसांना आपापली वेबपानं ठेवायला जागा द्यायची, तर त्यासाठी सर्व्हरनी भरलेला हॉल आणि एखादी श्रीमंत कंपनी लागतेच, असा एक पक्का समज आहे. तो खोटा आहे हे २०१४ च्या ऑक्टोबरच्या सुमारास अमेरिकेत फार छान दिसून आलं. लेखक आणि प्रोग्रॅमर पॉल फोर्ड यांनी भाड्याने घेतलेल्या, युनिक्स छापाच्या प्रणालीवर (म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर) चालणाऱ्या एका साध्या संगणकावर हवं त्याला खातं देतो, असं ट्विटरवर बोलून टाकलं. नाव ठेवलं टिल्डे क्लब; टिल्डे म्हणजे ~ ही खूण. काही दिवसांतच शेकडो लोक आत आले आणि बाहेर मोठी प्रतीक्षायादी लागली.

आधी हिशेब करू. एका माणसाची सगळी पानं चित्रांसकट ५ एमबी धरली, तरी हजार जणांची मिळून होतात ५ जीबी. एवढं तर खिशातल्या पेनड्राइव्हवर मावतं. शिवाय ही पानं स्थिर असतात. कुणी पान मागितलं की सर्व्हरने फाइल उघडायची आणि जशीच्या तशी पाठवून द्यायची. डेटाबेस नाही, आकडेमोड नाही. आज चार ओळींच्या पानासाठीही महागडे ‘प्लॅटफॉर्म’ गळ्यात मारणारे लोक ही गोष्ट सांगत नाहीत, कारण ती सांगितली तर त्यांचा निम्मा माल खपणार नाही.

जागेचा प्रश्न सुटला. खरी गंमत पुढे आहे. एकाच यंत्रावर हजार अनोळखी माणसं एकमेकांच्या फाइली न बिघडवता कशी नांदतात?

युनिक्सचा जन्म १९६९ चा, बेल लॅब्जमधला. संगणक तेव्हा महाग होते, त्यामुळे एक यंत्र अनेकांनी वापरायचं हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं आहे. प्रत्येक खात्याला स्वतःची होम डिरेक्टरी, म्हणजे फाइली ठेवायचा कप्पा, मिळते आणि ~ ही खूण तिच्यासाठी वापरतात. (१९७० च्या दशकातल्या एडीएम-३ए या टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या पडदा-कळफलकावर, ही खूण आणि ‘होम’ एकाच कळीवर होतं.) पत्त्यात ~ आणि पुढे नाव दिसलं की वेब सर्व्हर त्या माणसाच्या होममधल्या ‘पब्लिक एचटीएमएल’ नावाच्या डिरेक्टरीत जातो आणि तिथलं पान उचलतो. १९९० च्या दशकात विद्यापीठांतली वैयक्तिक पानं अशीच चालत.

आता परवानग्या. प्रत्येक फाइलवर तीन गटांसाठी तीन हक्क नोंदलेले असतात. गट म्हणजे मालक, त्याचा समूह आणि इतर. हक्क म्हणजे वाचणं (४), लिहिणं (२) आणि चालवणं (१). प्रत्येक गटाला जे हक्क आहेत त्यांची बेरीज करायची आणि तिन्ही आकडे याच क्रमाने लिहायचे. ६४४ म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता येतं.

डिरेक्टरीच्या बाबतीत मात्र ‘चालवणं’ याचा अर्थ पालटतो. तिथे तो हक्क म्हणजे आतून पलीकडे जाण्याची मुभा, आणि वाचण्याचा हक्क म्हणजे आत काय काय आहे त्याची यादी पाहण्याची मुभा. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि मला ही रचना विलक्षण सुंदर वाटते. ७११ असलेली होम डिरेक्टरी इतरांसाठी कुलूप नसलेल्या पण काळोख्या खोलीसारखी असते. वस्तूचं नाव ठाऊक असेल तर हात घालून ती काढता येते, पण खोलीत आणखी काय आहे ते दिसत नाही.

वेब सर्व्हर हा यंत्राच्या दृष्टीने ‘इतर’ गटातलाच एक. वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीत शिरण्याची मुभा त्याला लागते. म्हणून नवख्याचं पान बिनचूक असतं, फाइलवर ६४४ असतं, पण होमवर ७०० राहिलेलं असतं आणि ब्राउझर ‘४०३’ म्हणून नकार देतो. ‘४०४’ म्हणजे फाइल सापडली नाही. ‘४०३’ म्हणजे सर्व्हरला मनाई आहे. सीएचमॉड ७११ एवढी परवानग्या बदलणारी आज्ञा होमवर दिली की पान लगेच दिसतं.

या परवानग्यांमुळे यंत्र सुरक्षित राहतंच, पण माझ्या मते अशा सामुदायिक सेवा झपाट्याने वाढतात त्यामागेही त्याच आहेत. नव्या फाइलीला कोणते हक्क आपोआप द्यायचे नाहीत हे ठरवणारा आकडा म्हणजे यूमास्क, आणि अनेक यंत्रांवर तो ०२२ असतो. त्यामुळे नवी फाइल आपोआप ६४४ आणि नवी डिरेक्टरी ७५५ होते. म्हणजे शेजाऱ्याचं पान कुणालाही बिघडवता येत नाही, पण ते कसं लिहिलंय ते वाचता येतं. नवा माणूस आला की दुसऱ्याची फाइल उघडतो, दोन ओळी उचलतो, आपल्या पानात बदलून पाहतो. खातेदारांची यादी असलेली पासवर्ड फाइलही सगळ्यांना वाचता येते (खुद्द पासवर्डचे हॅश, म्हणजे उलगडता न येणारी सांकेतिक रूपं, वेगळ्या, बंद फाइलीत असतात). त्यामुळे कुणीही सदस्य छोटासा प्रोग्रॅम लिहून आज कुणाची पानं बदलली याची यादी बनवू शकतो. त्यासाठी प्रशासकाची परवानगी लागत नाही.

लोकांना वेबपानांसाठी जागा देणाऱ्या जिओसिटीज या कंपनीची वाट वेगळी होती. ती सेवा १९९४ मध्ये सुरू झाली, याहूने १९९९ मध्ये विकत घेतली, आणि २००९ मध्ये अमेरिकेतली सेवा बंद केल्यावर लाखो पानं एका निर्णयाने गेली. टिल्डे क्लबमध्ये खास बनवलेलं असं जवळजवळ काहीच नव्हतं. सगळं प्रमाणित युनिक्स, जे कुणालाही दुसऱ्या यंत्रावर उभं करता येतं. म्हणून प्रतीक्षायादीत अडकलेल्यांनी आणि इतरांनी आपापली यंत्रं उभी केली. टिल्डे टाउन हे त्यांपैकी एक, त्याच २०१४ सालचं, आणि पुढे अशा यंत्रांचा मिळून ‘टिल्डेव्हर्स’ झाला.