फरशीखाली मुरलेली जुनी दुकानं

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतली एखादी जुनी दुमजली इमारत डोळ्यांसमोर आणा. काळ्या दगडाचं जोतं, वीट-चुन्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, मागच्या बोळाकडं सिमेंटच्या पत्र्यांची पडवी. खाली तीन गाळे, वर कचेऱ्या. अशी इमारत घेताना लोक वकिलाकडून टायटल सर्च करून घेतात, इंजिनिअरला तुळया दाखवतात, घरफाळ्याची थकबाकी विचारतात. तिच्या मातीत, भिंतीत आणि बोअरच्या पाण्यात साठ-सत्तर वर्षांत काय काय मुरलं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तिथं उद्या पाळणाघर किंवा बेकरी होणार असेल, तर हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा.

सुरुवात खोदण्यापासून करायची नाही. माती पुडीत भरून नुसतं ‘तपासून द्या’ म्हटलं, तर नत्र, स्फुरद आणि पालाशाचा अहवाल हातात पडण्याची शक्यता जास्त, कारण माती परीक्षण म्हणजे शेताचं असाच सर्वसाधारण समज असतो. काय शोधायचं हे आपल्याला सांगावं लागतं आणि ते इमारतीच्या पूर्वेतिहासावरून ठरतं. म्हणून आधी कागद: सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, घरफाळ्याचे जुने उतारे, दुकान परवाने, पेट्रोल-रॉकेलच्या साठ्याचा परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र. कोल्हापूरची महापालिका १९७२ सालची, त्यामुळे त्याआधीच्या नोंदी नगरपालिकेच्या नावाखाली शोधाव्या लागतात. कागदावर बहुधा ‘व्यापारी वापर’ एवढंच असतं. गाळ्यात नेमकं काय चालायचं, हे समोरचा शिंपी किंवा पेठेतला जुना हमाल सांगतो. दर दहा वर्षांना एक ओळ असा तक्ता करावा. त्यात एखादं दशक कोरं राहिलं, तर चौकशी अजून संपलेली नाही असं समजावं.

समजा, तक्ता असा निघाला: पहिल्या गाळ्यात आधी खिळ्यांचा, म्हणजे धातूची अक्षरं जुळवून छापायचा छापखाना, मग बॅटरी चार्जिंगचं दुकान, दुसऱ्यात चांदीकाम, मागच्या अंगणात रॉकेलची टाकी.

छापखान्याचे खिळे शिसं, अँटिमनी आणि कथिल यांच्या मिश्रणाचे. बॅटरीच्या दुकानात पुन्हा शिसंच, शिवाय सल्फ्युरिक आम्ल. या दुकानाची खूण फरशी स्वतःच दाखवते. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे, आम्ल सांडलं की तो फसफसून झिजतो. गाळ्यात गुडघे टेकून बसा आणि टॉर्च जमिनीला लागून आडवा धरा. दारापाशी गिऱ्हाइकांच्या पावलांनी फरशी गुळगुळीत झालेली दिसेल. मागच्या कोपऱ्यात मात्र हात-दोन हाताचा पट्टा खरखरीत, पांढुरका, चाळणीसारखा टोचलेला आणि सांधे पोकळ झालेले. चार्जिंगचं टेबल तिथं होतं. पहिला नमुना त्याच फरशीखालचा घ्यायचा.

काळ्या मातीतली चिकणमाती शिसं घट्ट धरून ठेवते. एरवी ते वरच्या १५ ते ३० सेंटिमीटरमध्येच सापडतं. पण सांडलेलं सगळंच वर राहत नाही, याची दोन कारणं आहेत. आम्लानं मातीचा सामू (पीएच) उतरला की शिसं सुटून खाली जातं. दुसरं कारण उघड्या अंगणातलं: चैत्र-वैशाखात काळी माती भेगाळते आणि त्या दिवसांत सांडलेलं रॉकेल भेगांतून थेट खालच्या मुरुमापर्यंत पोचतं. पावसाळ्यात माती फुगून भेगा मिटतात आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून एकाच जागी ०–१५, १५–३० आणि ६०–९० सेंटिमीटर असे तीन थरांचे नमुने वेगवेगळे घ्यावेत.

चांदीकामाच्या गाळ्यात तेजाब, सायनाइडयुक्त मुलाम्याचं पाणी आणि डागातलं (सांधा जोडायच्या धातूतलं) कॅडमियम शोधायचं. सोन्याच्या दागिन्यांच्या बाबतीत ‘केडीएम’ हा जो शब्द आपण ऐकतो, तो कॅडमियमच्या डागावरूनच आला. इथं फरशीवर फारसं काही सापडत नाही, कारण तिथली केरमाती झारेकरी धातूसाठी विकत नेतो. सापडतं ते मोरीत. जुना पाऱ्याचा मुलामा होत असेल, तर पाण्याहून साडेतेरा पट जड असलेला पारा सांडपाण्याच्या नळीच्या बाकात वर्षानुवर्षं बसून राहतो. प्लंबर बाक उघडणार असेल तेव्हा खाली प्लास्टिकचं घमेलं ठेवा, पाणी वाहतं सोडू नका आणि खिडक्या उघड्या ठेवा.

नमुना घेताना होणारी सगळ्यांत महाग चूक म्हणजे पैसे वाचवायला पाच जागांची माती एकत्र करणं. एका जागी शिसं किलोला २००० मिलिग्रॅम आणि उरलेल्या चार जागी ५० असेल, तर मिश्रणाचा आकडा येतो ४४०. आकडा बरोबर असतो, पण धोक्याची जागा त्यात बुडून जाते. संशयित जागेचा नमुना एकटाच पाठवावा. धातूंसाठी अर्धा किलो माती कोऱ्या प्लास्टिक पिशवीत चालते. रॉकेल-पेट्रोलसाठी मात्र काचेची बरणी, तीही काठोकाठ भरून. माती कालवायची नाही, बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि दोन आठवड्यांच्या आत तपासून घ्यायची. बरणीत हवा राहिली की शोधायचा पदार्थच उडून जातो. प्रत्येक खड्ड्यानंतर ऑगर (माती काढायचा गिरमिट) साबणाच्या आणि मग शुद्ध पाण्यानं धुवावा. दहा नमुन्यांमागे एक नमुना दुहेरी घेऊन वेगळ्या क्रमांकानं द्यावा. दोन्हींचे आकडे फार लांब पडले, तर कुठंतरी गडबड झाली आहे.

आता कोल्हापूरकरांनी विशेष लक्षात ठेवायची गोष्ट. आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे आणि त्यापासून झालेल्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं हे धातू मुळातच भरपूर असतात. अहवालात क्रोमियमचा मोठा आकडा दिसला की लोक घाबरतात, पण तो दगडाचाच असू शकतो. त्यासाठी शेजारच्या, कधीच धंदा न झालेल्या जागेतले, उदाहरणार्थ देवळामागच्या मोकळ्या मातीतले, निदान तीन नमुने तुलनेसाठी घ्यावेत. क्रोम प्लेटिंगचा संशय असेल तर षट्संयुजी क्रोमियमची (क्रोमियम-६ ची) चाचणी स्वतंत्र मागावी. घातक तो, आणि दगडातून तो सहसा येत नाही. शिशाचं उलट आहे. बेसॉल्टमध्ये ते फारच थोडं असतं, म्हणून शिशाचा फुगलेला आकडा जवळपास नेहमीच माणसाच्या हातून आलेला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं निवासी जागेच्या मातीसाठी शिशाची किलोला ४०० मिलिग्रॅमची पातळी २०२४ मध्ये २०० वर आणली. तुलनेला हा आकडा उपयोगी पडतो.

पुराचाही हिशेब धरावा लागतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. अशा पुरात शेजारच्या गॅरेजचं तेल आपल्या अंगणात येऊन बसतं. म्हणून पुराचा गाळ आणि त्याखालची मूळ माती कधीही एकत्र करू नये, नाहीतर दुसऱ्याचं तेल आपल्या नावावर लागतं.

बोअरचं पाणी पंप सुरू केल्याबरोबर भरू नये. पंधरा-वीस मिनिटं वाहू द्यावं आणि विद्युतवाहकता स्थिर झाली की बाटली भरावी. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. रॉकेल पाण्यावर तरंगतं, ड्रायक्लीनिंगचं पर्क्लोरोइथिलिन पाण्याहून सुमारे १.६ पट जड असल्यानं तळाशी जातं. कुठल्या खोलीवरून पाणी घ्यायचं हे त्यावरून ठरवावं.

पडवीचे पत्रे आणि जुना रंग यांना हात लावण्याआधी तपासा. ॲस्बेस्टॉसचा पत्रा आणि बिनॲस्बेस्टॉसचा पत्रा नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. तुकडा पाण्यानं भिजवून काढावा आणि सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीला द्यावा. पत्रे तोडून खाली फेकले की तंतू हवेत जातात, म्हणून ते ओले करून अख्खेच उतरवायचे. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचे दारांचे थर कोरडे घासू नयेत, ओले करून खरवडावेत.

दोष सापडला म्हणजे इमारत वाया गेली असं नाही. वरच्या फूटभर थरात शिसं असेल, तर तेवढी माती काढून तिथं स्वच्छ मुरूम आणि वर काँक्रीट, हा बहुतेक वेळा पुरेसा उपाय असतो. काढलेली माती राडारोड्यात टाकून नाल्याकाठी जाता कामा नये. ती घातक कचरा ठरली, तर रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रातच पाठवावी लागते. रॉकेलची टाकी नुसती वाळूनं भरून बुजवू नका. आधी रिकामी करून उचला आणि तिच्या बुडाखालच्या मातीचे दोन नमुने घ्या, कारण गळती बहुधा बुडाच्या सांध्यातून झालेली असते.

शेवटी ऑगरची भोकं. ती उपसलेल्या मातीनं सैल भरली, तर पुढच्या पावसात वरचं पाणी त्याच वाटेनं मुरुमात उतरतं आणि इतकी वर्षं वर थांबलेलं शिसं सोबत घेऊन जातं. प्रत्येक भोक बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) आणि सिमेंटच्या रबडीनं तळापासून वरपर्यंत भरा, दुसऱ्या दिवशी खाली बसलेलं अंतर पुन्हा भरा आणि मगच फरशी बसवा.