झाड काही आडवं येत नाही

बस झाडावर आदळली की दोन निकाल तयारच असतात: ‘ड्रायव्हरला डुलकी लागली’ किंवा ‘कडेची झाडंच तोडून टाका’. दोन्ही अर्धवट.

डुलकी लागते, नाही असं नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाची बस सेकंदाला 22 मीटर कापते; दोन सेकंद डोळा लागला की 44 मीटर गेलेच. शिवाय वेग 60 वरून 80 झाला तर धडकेची ऊर्जा पावणेदोन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते.

पण सगळ्याच धडका अशा नसतात. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता ठेवतात. उतार अडीच टक्के धरला, तर 4 मीटर उंच बसचा माथा कडेकडे 10 सेंटिमीटर सरकतो. म्हणजे चाकं डांबरावर, बस आपल्या लेनमध्ये, तरी छपराचा कोपरा रस्त्यावर झुकलेल्या फांदीत! (झाडं उजेडाकडे, म्हणजे मोकळ्या रस्त्याकडेच झुकतात.) तिथे जाब विचारायचा तो फांद्या वेळेवर न छाटणाऱ्याला.

म्हणून आधी खूण बघावी. खरवड छपराच्या कोपऱ्यावर आहे की बंपर चेपलाय? बंपर चेपला असेल, तर बस रस्ता सोडून गेली. मग वेग, झोप, ब्रेक, टायर, समोरून अंगावर आलेली गाडी, सगळंच तपासावं लागतं.

आणि झाड तोडलं तरी रस्ता सोडलेली बस थांबत नाही. पुढे खांब असतो, नाही तर खड्डा. वळणावर कठडा बसवणं जास्त उपयोगाचं.