जिवाणू नमुन्यांचे परिवहन

रुग्णाकडून किंवा पाणवठ्यावरून घेतलेल्या नमुन्यातील जिवाणू प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जिवंत, आणि होता होईल तो मूळ संख्येतच, टिकवण्याची पद्धत. ते वाटेत मरून चालत नाहीत, तसे वाढूनही चालत नाहीत.

सोलापूर जिल्ह्यात वाढीची धास्ती अधिक. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपुढे असतो आणि करमाळ्याहून शहर शंभरावर किलोमीटर दूर. ई. कोलाय हा जिवाणू पोषक उबेत २० मिनिटांत दुप्पट होतो. कागदावरच्या हिशेबाने चार तासांत एकाचे चार हजारांवर. लघवीत मिलिलिटरमागे १ लाख जिवाणू ही संसर्गाची रूढ खूण आहे. एसटीच्या डिकीत तापलेली बाटली त्यामुळे निरोग्यालाही रोगी ठरवू शकते. दोन तासांत पोहोचणार नसेल तर लघवीचा नमुना २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात व २४ तासांच्या आत तपासतात.

मात्र सगळेच बर्फात घालण्याची सवय घातक. मेंदूज्वराच्या संशयाने पाठीतून काढलेल्या पाण्यातील मेनिंगोकोकस व हिमोफिलस हे जिवाणू थंडीने मरतात. ते पाणी आणि रक्ताच्या कल्चर बाटल्या (जिवाणू वाढवून पाहण्याच्या) फ्रिजबाहेरच ठेवाव्या लागतात.

स्वॅबसाठी परिवहन माध्यम वापरतात. त्यात ओल आणि आम्लता आवरणारे क्षार असतात, पोषण जवळजवळ नसते. स्टुअर्ट यांनी १९४० च्या दशकात परम्याच्या (गनोरिया) नाजूक जिवाणूसाठी असे माध्यम घडवले. त्यातले ग्लिसरोफॉस्फेट काही जिवाणूंना खाद्यच ठरले. म्हणून एमीज यांनी १९६७ मध्ये ते काढून साधे फॉस्फेट घातले. एमीज माध्यमातली कोळशाची पूड जिवाणूंना मारक द्रव्ये शोषून घेते. शौचाच्या नमुन्यासाठी अल्कधर्मी कॅरी-ब्लेअर माध्यम (१९६४) रूढ आहे.

कॉलऱ्यासाठी भारतीय उत्तर त्याआधीचे. पंढरपूरची वारी एकेकाळी या साथीसाठी कुप्रसिद्ध होती. वेंकटरामन व रामकृष्णन यांनी १९४१ मध्ये सुचवलेल्या, समुद्री मीठ घातलेल्या अल्कधर्मी द्रवात कॉलऱ्याचे जिवाणू कित्येक दिवस तग धरतात, तेही बर्फाविना.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी. टीसीएल (क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या पाण्याचा नमुना घेताना निर्जंतुक बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट लागते. ते नसेल तर क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतो आणि वारकऱ्याने प्यायलेल्या पाण्यापेक्षा अहवालातले पाणी स्वच्छ निघते.