ॲल्युमिनियमचं ‘पाणी’ चढवताना

जळगावच्या सराफ बाजारात दागिन्यावर ‘सोन्याचं पाणी चढवतात’, तेव्हा तिथे खरोखरच पाणी असतं. सोन्याचा क्षार विरघळलेल्या द्रावणात दागिना बुडवून तो ऋण टोकाला जोडतात. वीज सोडली की सोन्याचा एकेक अणू त्यावर येऊन बसतो. याच रीतीनं ॲल्युमिनियम चढवायला गेलात, तर वीज आधी पाणीच फोडते. हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, धातू बसत नाही.

म्हणून इथे पाणीच सोडावं लागतं. ॲल्युमिनियम क्लोराइड एका विशिष्ट सेंद्रिय क्षारात मिसळलं की दोन्ही मिळून साध्या तापमानालाच पातळ होतात. हा आयनिक द्रव, म्हणजे निव्वळ विद्युतभारित अणू-रेणूंचा द्रव, ओलाव्याचा वैरी. खानदेशातली वैशाखाची कोरडीठाक हवाही त्याला दमटच, त्यामुळे काम नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेल्या बंद पेटीत चालतं.

एवढा खटाटोप कणांसाठी. घरातली पत्र्याची जुनी धान्याची कोठी उन्हात धरून पाहा. जस्ताच्या मुलाम्यावर फुलं उमटलेली दिसतील. एकेक फूल म्हणजे जस्ताचा एकेक स्फटिककण. (हा मुलामा विजेनं नव्हे, वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला असतो.) धातू वाकतो तो कणाच्या आत अणूंचे थर सरकतात म्हणून, आणि कणाच्या सीमेवर ही सरक अडते. कण बारीक तेवढ्या सीमा जास्त, धातू तेवढा कणखर. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये हे नातं पोलादाच्या अभ्यासातून मांडलं.

विजेच्या टाकीत हा कण आपल्या हाती येतो, हेच मला या तंत्राचं खरं बळ वाटतं. नव्यानं आलेला अणू जुन्या कणाला चिकटतो किंवा नव्या कणाचं बीज धरतो. विजेचा जोर वाढवला की बीजं वाढतात. सोबत मँगनीज घातलं की कण आणखी बारीक होतात. शियुन रुआन आणि ख्रिस्तोफर शू यांच्या २००९ च्या अभ्यासात मँगनीज वाढत गेलं तसे ॲल्युमिनियमचे कण मायक्रॉनांवरून (मिलिमीटरचा हजारावा भाग) काही नॅनोमीटरांवर (मायक्रॉनचा हजारावा भाग) आले. त्याच्याही पुढे स्फटिकाची घडीच मोडली आणि अणू काचेतल्यासारखे विस्कटले.

असे थर कठीण असतात, पण ठिसूळही होऊ शकतात. त्यावर उपाय म्हणून वीज सलग न सोडता मिलिसेकंदांच्या ठोक्यांनी देतात, मधूनच उलटी फिरवतात. उलट्या ठोक्यात थोडा धातू परत विरघळतो, थर सपाट आणि एकजिनसी बसतो, आणि वाकवला तरी लवकर तडकत नाही.

वेळ मात्र लागतो. एक ग्रॅम ॲल्युमिनियम बसायला ३ अँपिअरचा प्रवाह जवळजवळ तासभर वाहावा लागतो.