शीखविरोधी पूर्वग्रह आणि दृश्य संकल्पन

शिखांविषयीचे गैरसमज व द्वेष कमी करण्यासाठी व्यंगचित्र, छायाचित्र, जाहिरात, वेशभूषा अशा दृश्य माध्यमांचा केलेला हेतुपुरस्सर वापर. २००१ नंतर अमेरिका व ब्रिटनमध्ये तो ठळकपणे दिसू लागला.

या साऱ्याच्या मुळाशी दस्तार, म्हणजे शिखांची पगडी आहे. पुणेरी पगडी आणि कोल्हापुरी फेटा यांतला फरक आपल्याला लांबूनही कळतो. ती नजर नसलेल्याला मात्र डोक्याला गुंडाळलेले कापड आणि दाढी एवढेच दिसते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर दूरचित्रवाणीवर ओसामा बिन लादेनचा चेहरा सतत झळकू लागला आणि या अडाणी नजरेला एक नाव मिळाले. चौथ्याच दिवशी ॲरिझोनातील मेसा येथे बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपासमोर गोळ्या घालून ठार करण्यात आले. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वारात झालेल्या गोळीबारात त्या दिवशी सहा जणांचा बळी गेला.

व्यंगचित्रकार विश्वजीत सिंग यांनी २००१ च्या हल्ल्यांनंतर शीख पात्रांची चित्रे काढायला सुरुवात केली. २०११ मध्ये त्यांनी अमेरिकी चित्रकथांतला महानायक ‘कॅप्टन अमेरिका’ पगडीधारी, दाढीवाला चितारला. पुढे छायाचित्रकार फिओना अबूद यांच्या आग्रहावरून, २०१३ च्या उन्हाळ्यात, ते स्वतःच तो वेश चढवून न्यूयॉर्कमध्ये फिरले. अंगाने किडकिडीत, डोळ्यांवर चश्मा, हातात ढाल आणि निळ्या पगडीवर पांढरा ‘ए’. एरवी ज्या पगडीवरून शेरे ऐकावे लागत, तिच्याभोवती लोक फोटोसाठी जमले. पगडी जराही लपवली नव्हती. बदलली होती ती फक्त तिच्याभोवतीची चौकट. या प्रकारातले सर्वांत नेमके काम हेच म्हणावे लागेल.

त्याच वर्षी ‘गॅप’ या कपड्यांच्या कंपनीने वारिस अहलुवालिया या शीख अभिनेत्याला घेऊन ‘मेक लव्ह’ अशी जाहिरात केली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतल्या एका फलकावर कोणीतरी ‘लव्ह’ खोडून ‘बॉम्ब्स’ लिहिले आणि खाली ‘टॅक्सी चालवणे थांबवा’ अशा अर्थाची विनवणीही जोडली. कंपनीने जाहिरात मागे न घेता तिच्यातले मूळ छायाचित्र आपल्या ट्विटर खात्याच्या दर्शनी भागी लावले.

ब्रिटनमध्ये अमित व नरूप या छायाचित्रकारांनी ३५ शीख पुरुषांची व्यक्तिचित्रे टिपली. २०१४ मध्ये लंडनला त्यांचे प्रदर्शन भरले. २०१६ च्या न्यूयॉर्कमधील पुढच्या मालिकेत स्त्रियाही आल्या. त्यांची उणीव जाणवतच होती, कारण दस्तार बांधणाऱ्या शीख स्त्रियाही आहेत.

‘वुई आर सिख्स’ ही दूरचित्रवाणी जाहिरातींची मोहीम २०१७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. शीख व अमेरिकी मूल्ये एकच आहेत, हा तिचा सूर. अशा मोहिमांपुढे एक पेच असतो. ‘आम्ही मुसलमान नव्हे’ एवढेच चित्रातून सांगितले, तर द्वेष शेजारच्या मुसलमानाच्या दारात नेऊन ठेवल्यासारखे होते. शिवाय ध्वजाच्या रंगात रंगवलेला ‘चांगला शीख’ दाखवला, तर माणसाला आधी देशभक्तीचा दाखला द्यावा लागतो.

भारतात अडचण शिखांना न ओळखण्याची नाही. नांदेडच्या हजूर साहिबमुळे महाराष्ट्रालाही शीख नवखे नाहीत. इथला पूर्वग्रह मुख्यतः ‘बारा वाजले’ छापाच्या सरदारजींच्या विनोदांत आणि त्यांच्या चित्रांत मुरलेला आहे. अशा विनोदांवर बंदी घालावी या मागणीची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. लोकांनी कसे वागावे याचे नियम न्यायालय घालून देऊ शकत नाही, असे न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. तिकडच्यासारखी चित्रमोहीम या विनोदी सरदारजीच्या वाट्याला अजून फारशी आलेली नाही.